बॅटरीला फाशी देण्याआधी

सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे खटला फार झटपट चालतो. सेल्फ मारला, 'टक्' असा आवाज आला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले. पाच माणसं गोळा होतात. त्यातले चौघे म्हणतात, "बॅटरी गेली." पाचवा न बोलता धक्का मारायला मागे जातो. संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसते, जुनी दुकानदार वजनावर घेतो आणि प्रकरण बंद! साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. चार-सहा महिन्यांनी नवी बॅटरीसुद्धा उतरते, तेव्हा निकालपत्रात आणखी कुणाचं तरी नाव घालावं लागतं. कंपनी बोगस, नाहीतर ड्रायव्हर निष्काळजी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ती बिचारी बहुतेक वेळा फिर्यादी असते आणि आपण तिलाच आत टाकतो. हे सांगायला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये पानं अडवावी लागतात, ही खरं तर गंमतच आहे. पण आपल्या होस्टेलच्या गाडीचं जे रामायण झालं ते बघता, अडवावीच लागतील.

आधी एका शब्दाबद्दल. कॉन्व्हेंटमध्ये वाढल्यामुळे माझ्या तोंडात 'डेड बॅटरी' बसलेलं. गॅरेजमध्ये कुणी तसं म्हणत नाही. तिथे म्हणतात, "बॅटरी उतरली." मला हा शब्द जास्त शास्त्रीय वाटतो. 'डेड' म्हटलं की विषय संपतो, हार घालायचा आणि मोकळं व्हायचं. 'उतरली' म्हटलं की लगेच प्रश्न येतात. किती उतरली? कधीपासून? एका रात्रीत की हळूहळू? कशाने? अर्धं निदान या प्रश्नांतच असतं.

उतरण्याचं मोजमापही फार सोपं आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. गाडी रात्रभर उभी असेल आणि सकाळी मीटर लावल्यावर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बाराच्या खाली गेली तर उतरलीच समजा. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम एका व्होल्टाचा फरक! म्हणूनच "हेडलाइट लागतोय ना, मग बॅटरी ठीक आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. हेडलाइटला आठ-दहा अँपियर पुरतात. सेल्फला शंभर-दोनशे लागतात, डिझेल गाडीला त्याहून जास्त. चहापुरते पैसे खिशात आहेत म्हणून कुणी सेमिस्टरची फी भरू शकत नाही.

शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तोन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये बनवली. मोटारीला विजेचा सेल्फ-स्टार्टर मिळाला तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये, चार्ल्स केटरिंगमुळे. त्याआधी हँडल मारायचं. आपल्या जुन्या अँबॅसिडरलाही पुढून हँडल घालायची सोय होती. बॅटरीने दगा दिला तरी मनगटात जोर असला की भागायचं. आता ती सोय गेली. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा खाली भलीमोठी बॅटरी असूनही बहुतेक गाड्यांत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी वेगळी असते, आणि ती उतरली तर गाडी जागीच होत नाही. त्यामुळे "इलेक्ट्रिक येतेय, आता हा विषयच संपला" असं समजणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलांनी हे पान उलटू नये!

आता आपल्या गाडीकडे येऊ. दीड वर्षात हिला तीन बॅटऱ्या बसल्या. त्यातली दुसरी ज्या रात्री उतरली ती लेडीज होस्टेलमध्ये कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी १०४ तापाने फणफणत होती. रात्री दीड वाजता ड्रायव्हर काकांना उठवलं, ते धावत आले, गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प. वॉचमन आणि आम्ही सहा जणींनी धक्का मारला. डिझेलचं धूड, चढाचा रस्ता, काय हलणार? शेवटी रेक्टर मॅडमनी तिला स्कूटरवर मधे बसवून नेलं, मागून एकीने धरून ठेवलं. डेंग्यू निघाला. ती आता बरी आहे. ती रात्र रविवारची होती, हे मात्र लक्षात ठेवा.

तिसरी बॅटरी बसली तेव्हा ठरलं, की ड्रायव्हर रात्री दिवे किंवा टेप चालू ठेवतो, तेव्हा बॅटरीची किंमत त्याच्या पगारातून हप्त्याने कापावी. काका म्हणाले, "मी बंद करूनच जातो." यावर त्यांना पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती हीच. बत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस समोर उभा आहे, आणि त्याला आपण फक्त "केलंस की नाही" एवढंच विचारतो. "केव्हा केव्हा झालं?" हे विचारत नाही.

विचारलं असतं तर त्यांनी लॉगबुक काढून दाखवलं असतं. आम्हाला दाखवलंच. सुवाच्य अक्षरात, लाल पेनाने, गाडी सुरू न झाल्याच्या अकरा नोंदी. आठ सोमवारी सकाळच्या किंवा रविवारी रात्रीच्या. दोन सणाच्या सुट्टीनंतरच्या. एक सुटी. मेसच्या टेबलावर चपातीचं ताट बाजूला सारून आम्ही त्या वारांपुढे काड्या मारल्या आणि मीटर हातात घ्यायच्या आधीच अर्धी केस सुटली.

कशी ते बघा. दोन हेडलाइट म्हणजे ५५-५५ वॅटचे दोन बल्ब, ११० वॅट. भागिले बारा, साधारण नऊ अँपियर. गाडीची बॅटरी ६० अँपियर-अवरची. दिवे राहिले असते तर सहा-सात तासांत, म्हणजे एका रात्रीत बॅटरी कोरडी पडली असती. मग ती मंगळवारीही पडायला हवी होती, गुरुवारीही. उलट गाडी रोज वापरात असते त्याच दिवसांत विसरण्याची शक्यता जास्त! पण बॅटरी उतरायची फक्त शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ गाडी उभी राहिली की. म्हणजे चोर छोटा होता आणि त्याला साठ तास लागत होते. वीस-तीस अँपियर-अवर साठ तासांत जायचे तर करंट किती? अर्ध्या अँपियरच्या आत. हा हिशोब आठवीतला मुलगा करेल. त्याला किरचॉफ लागत नाही.

एका शनिवारी रीतसर परवानगी काढून मशीन लॅबचे मामा मल्टिमीटर घेऊन आले. पद्धत इथे लिहून ठेवते, कारण घरी गाडी असलेल्या प्रत्येकाला ती कधी ना कधी लागणार. किल्ली काढायची, दारं बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि तिच्या व बॅटरीच्या टर्मिनलच्या मधे मीटर १० अँपियरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावायचा. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, म्हणजे नाही! शंभर अँपियर त्यातून जायला गेले तर फ्यूज उडेल, आणि मीटर स्वस्तातला असेल तर मीटरच. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांना जड जातं. हल्लीच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत, काहींना अर्धा तास लागतो, काहींना त्याहून जास्त. सुरुवातीला मीटरने आम्हाला २.१ अँपियर दाखवले, तेव्हा आमच्यातली एक "सापडलं!" म्हणून ओरडली. मामा म्हणाले, "चहा पिऊन या." चहा पिऊन आलो तर ०.३१.

उभी गाडी थोडा करंट खातेच. घड्याळ, रेडिओची मेमरी, लॉक यांना मिळून २० ते ५० मिलिअँपियर चालतात. ३१० म्हणजे फार झाले. साठ तासांचे १८.६ अँपियर-अवर. नव्या, पूर्ण भरलेल्या ६० च्या बॅटरीला हे एकदा झेपेलही. पण आपली गाडी आठवडाभर काय करते? होस्टेल ते कॉलेज ते बाजार. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, एसी, पंखा, दिवे सगळं चालू. अल्टरनेटर (गॅरेजवाले अजून त्याला डायनामोच म्हणतात) उतरलेली बॅटरी दहा मिनिटांत भरत नाही, त्याला तास लागतात. म्हणजे शुक्रवारी गाडी लावतानाच खात्यात साठ नसायचे.

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा. लोक म्हणतात, सारखी सारखी गाडी चालू केली की बॅटरी उतरते. हिशोब करा. १५० अँपियर, तीन सेकंद. ४५० भागिले ३६०० म्हणजे ०.१२५ अँपियर-अवर! एवढ्याने काहीच बिघडत नाही. तीन सेकंदांचा धडाका सगळ्यांना ऐकू येतो म्हणून त्याच्यावर आळ येतो. साठ तासांची गळती मुकी असते. डिकीतला पाच वॅटचा दिवा झाकण नीट न बसल्याने लागून राहिला तर दिवसाला दहा अँपियर-अवर जातात, आणि डिकी बंद असल्यामुळे तो दिसतच नाही.

तर, मामांनी फ्यूज एकेक करून काढायला सुरुवात केली. ज्या फ्यूजला मीटर खाली येईल त्या लाइनवर चोर, हे तत्त्व. सगळे फ्यूज काढून झाले. मीटर ०.३१ वरून ०.२८ वर आलं, बस्स. फ्यूजबॉक्समधून काहीच जात नाही आणि तरी ०.२८ जातायत! मग कुणीतरी टॉर्च मारला. पॉझिटिव्ह टर्मिनलवरून दोन बारीक वायरी, वरून काळी टेप, थेट डॅशबोर्डखाली गेलेल्या. टोकाला एक डबा. गाडी कुठे जाते हे ऑफिसला कळावं म्हणून बसवलेला ट्रॅकर आणि त्याच्या सोबतचा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर. बसवणाऱ्याने किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर जोडायच्या ऐवजी सरळ बॅटरीवरच जोडला होता. डबा कधी बसवला? पुन्हा लॉगबुक. पहिल्या लाल नोंदीच्या तीन आठवडे आधी.

ज्या माणसावर नजर ठेवायला तो डबा लावला, त्याच माणसाच्या पगारातून डब्याने खाल्लेली बॅटरी वसूल होत होती. याला काय म्हणायचं ते स्टाफरूमनेच ठरवावं.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं, पण मामा थांबले नाहीत. "एक चोर सापडला म्हणून दुसरा नसतो असं थोडंच आहे?" त्यांनी मीटर व्होल्टवर लावला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या धातूवर, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. जाड केबलच्या दोन टोकांत व्होल्टेज जवळजवळ शून्य असायला हवं, फार तर ०.२. आलं ०.९! बारातला जवळपास एक व्होल्ट नुसत्या अर्थिंगच्या केबलमध्येच जात होता. केबल बघायला ठणठणीत, पण बोल्टखाली पांढरी-हिरवी पूड साचलेली. पाना घेऊन सोडवली, पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आवळून वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.१५.

ही गोष्ट आपल्या अभ्यासाच्या फार जवळची आहे म्हणून जरा थांबते. मल्टिमीटर ओहमवर लावून ती केबल तपासली असती तर "ओके" आली असती. दोष होता एका ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. पण ०.०१ ओहममधून १५० अँपियर गेले की दीड व्होल्ट जातो. म्हणजे वस्तू जे काम करते ते करत असतानाच तिला मोजावं लागतं. ओहमचा नियम आपण फर्स्ट इयरला घोकला, त्याचा ग्राफ काढला (रीडिंग कुणाच्या जर्नलमधून आली ते जाऊ दे), व्हायवाला सांगितला. आणि पार्किंगमध्ये दीड वर्ष तोच नियम बोंब मारत उभा होता.

"एवढा उद्योग कोण करत बसणार? त्यापेक्षा बॅटरी बदलणं सोपं," असं मला चार जणांनी ऐकवलं. त्यात एक प्राध्यापकही होते, नाव सांगत नाही. बदलून काय झालं ते आपण तीनदा बघितलं. पण त्याहून मोठा घोटाळा वेगळा आहे. शिशाची बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात, आणि ते चार्जिंगने नीट विरघळत नाहीत. म्हणजे गळती तशीच ठेवून नवी बॅटरी बसवली, तर काही महिन्यांनी ती नवी बॅटरी खरोखरच खराब होते. दुकानदार तपासतो, खराबच निघते. आपण म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं? चुकीचा निकाल स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो. म्हणून तो पकडायला इतका अवघड.

बॅटरी कधीच दोषी नसते असं मी म्हणत नाही. तिचंही वय होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर होतं, कारण उष्णतेने आतली झीज भरभर होते. विदर्भातून आलेल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघता येते. पाच सेल १.२६ दाखवतात आणि सहावा १.१५, तर खुशाल तिला निरोप द्या. गाडी चालू असताना टर्मिनलवर पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट येत नसतील तर डायनामो किंवा त्याचा पट्टा बघा. (नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे घाईने निष्कर्ष काढू नका.) पण हे सगळं मोजल्यावर. आधी नाही.

गॅरेजवाल्यांना मात्र मी शिव्या घालणार नाही. त्यांची अडचण आपणच केलेली आहे. बॅटरीचे सहा-सात हजार आपण मुकाट देतो, बिल मागतो, वॉरंटी कार्डावर शिक्का घेतो. पण एखाद्या वायरमनने अर्धा दिवस गाडीखाली घालवून दहा पैशांची पूड घासून काढली आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, "बदललं काय? काहीच नाही. मग पैसे कसले?" वस्तूला पैसे, शोधायला नाही. मग तो माणूस शोधेल कशाला? तोही वस्तूच विकणार. उद्या आपण इंजिनिअर म्हणून ज्या कामाचे पैसे मागणार आहोत, ते काम नेमकं हेच आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

शिवाय टाकून दिलेली बॅटरी कुठेतरी जाते. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं. ते नीट परत मिळवलं तर उत्तम, आणि त्यासाठी आपल्याकडे २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये नवेही आले. पण कुठल्यातरी बोळातल्या भट्टीत ते उघड्यावर वितळवलं तर धूर तिथल्या पोरांच्या छातीत. गरज नसताना बदललेली प्रत्येक बॅटरी त्या रांगेत एक नग वाढवते.

आता सद्यस्थिती. डबा किल्लीच्या लाइनवर जोडला आहे. ट्रॅकरला स्वतःची छोटी बॅटरी आहे, त्याचं काही अडत नाही. अर्थिंग स्वच्छ आहे. त्यानंतर सात सोमवार गेले, सातही वेळा गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आणि काकांच्या लॉगबुकात लाल पेन उघडलेलं नाही. मामांनी रीडिंगचा कागद तारखेसह सही करून दिला आहे.

काकांच्या पगारातून दोन हप्ते कापले गेलेत. ते परत मिळावेत आणि तिसरा कापू नये, असा अर्ज दोन्ही मेसच्या काउंटरवर ठेवलाय. रीडिंगचा कागद आणि लॉगबुकच्या पानांच्या झेरॉक्स त्याला जोडल्या आहेत. स्टाफपैकी कुणाला सही करायची असेल तर खाली वेगळा रकाना आहे. शुक्रवारी पाचला ऑफिस बंद व्हायच्या आत द्यायचाय, तेव्हा जेवायला याल तेव्हा पेन घेऊन या. काउंटरवरचं गेल्या आठवड्यातच कुणीतरी नेलं.